उशिरा वळलेली मूठ



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. खुशाल हसा, पण रेडिओ बंद करू नका. आज आपण बॉक्सिंगबद्दल बोलणार आहोत. पुस्तकात त्याला मुष्टियुद्ध म्हणतात, आपण साध्या भाषेत बुक्क्यांचा खेळ म्हणू. आणि तोही शाळेतल्या पोरींचा नाही. लग्न झालेल्या, लेकरंबाळं असलेल्या, पंचविशी-तिशी ओलांडलेल्या बायकांनी हा खेळ नव्यानं शिकायला घ्यावा का, हा आजचा प्रश्न आहे.

“आता कुठं, आमचं वय गेलं,” असं आपण किती सहज म्हणतो. सायकल शिकायची म्हटलं की वय गेलं. सही शिकायची म्हटलं की वय गेलं. तरी गटात आल्यावर आपल्यातल्या कितीतरी जणी अंगठा सोडून सही शिकल्याच की. मग खेळाचंच वय कसं काय जातं? बाईचं खेळायचं वय गेलं हे कुणी ठरवलं, आणि ते खोटं कुणी पाडलं, त्याचा इतिहास आज मी सांगणार आहे.

मूठ जुनी, बंदी नवी

झुंजीचे खेळ काही विलायतेहून आलेले नाहीत. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य आपल्या मराठवाड्यावर होतं. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं इ. स. ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. राजाच्या करमणुकीसाठी मल्लांच्या झुंजी कशा लावायच्या, मल्लांकडून मेहनत कशी करून घ्यायची, हे त्यात आहे. पुढं एकोणिसाव्या शतकात बडोद्याच्या गायकवाडांच्या दरबारात वज्रमुष्टी नावाची झुंज होत असे, म्हणजे मुठीत टोकदार हत्यार अडकवून खेळायची कुस्ती. या सगळ्या झुंजींत मल्ल म्हणजे पुरुष.

आपल्याकडं ‘आखाडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कुस्तीचा, आणि दुसरा शेतातल्या घरागोठ्याचा. हिंगोली जिल्हा १९९९ साली आपल्या परभणीतून वेगळा झाला, त्यातलं आखाडा बाळापूर तुम्हाला ठाऊकच आहे. शेतातल्या आखाड्यावर बाई अंधार असताना जाते आणि अंधार पडल्यावर येते. शेण काढते, कडबा उचलते, पाण्याच्या घागरी वाहते. तिथं तिला कुणी नाजूक म्हणत नाही. कुस्तीच्या आखाड्याचा विषय निघाला की मात्र तीच बाई एकदम नाजूक होते.

विलायतेतही हेच झालं. लंडनमध्ये १७२२ साली एलिझाबेथ विल्किन्सन नावाच्या बाईनं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन हॅना हायफील्ड नावाच्या दुसऱ्या बाईला बुक्क्यांच्या झुंजीचं आव्हान दिलं. अट अशी होती की दोघींनी प्रत्येक मुठीत एक नाणं धरायचं, आणि जिच्या हातून नाणं आधी पडेल ती हरली. नाणं धरायचं म्हणजे मूठ उघडता येणार नाही, ओरबाडता येणार नाही, केस ओढता येणार नाहीत. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी बायका नुसत्या भांडत नव्हत्या, नियम बांधून खेळत होत्या.

मग १८८० साली इंग्लंडमध्ये हौशी बॉक्सिंगची संघटना निघाली. हौशी म्हणजे पैशासाठी न खेळणारे. खेळ रीतसर झाला, वजनाचे गट ठरले, पंच आले, आणि त्याच वेळी बायकांना दार बंद झालं. ती बंदी उठली १९९६ साली. मधे ११६ वर्षं गेली. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं बॉक्सिंग १९०४ साली आलं. बायकांचं आलं २०१२ साली, म्हणजे १०८ वर्षांनी.

आपल्या राज्यातला हिशेबही असाच आहे. मुंबई इलाख्याची हौशी बॉक्सिंग संघटना १९२५ साली स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती पुरुषांची. बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा चेन्नईला झाली, फेब्रुवारी २००१ मध्ये. आज ज्या बाईचं वय पंचेचाळीस आहे, ती शाळेत असताना या देशात बायकांच्या बॉक्सिंगची राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती. मग तिचं वय गेलं असं कसं म्हणायचं? ती वयात होती तेव्हा दारच उघडलेलं नव्हतं.

हमीदाबानूला कुणी अडवलं

दार बंद असतानाही धडका देणाऱ्या बायका होत्या. त्यातली एक महाराष्ट्रात येऊन गेली. हमीदा बानू तिचं नाव. मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची, आणि कुस्ती करायची अलीगढला. १९५४ साली तिनं जाहीर केलं, की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. मे १९५४ मध्ये बडोद्याला बाबा पहिलवान तिच्यासमोर उभा राहिला आणि १ मिनिट ३४ सेकंदांत चीत झाला.

हमीदाबानूला पुरुष पहिलवान अडवू शकले नाहीत. तिला अडवलं ते लोकांनी आणि संघटनांनी. पुण्यात ठरलेली तिची एक कुस्ती तिथल्या कुस्ती संघटनेच्या विरोधामुळं रद्द झाली. कोल्हापुरात एका पुरुष मल्लाला हरवल्यावर लोकांनी तिची हुर्यो उडवली, दगड मारले. बाई हरली असती तर लोक हसून घरी गेले असते. ती जिंकली म्हणून दगड आले.

त्याच्या सहा-सात वर्षं आधी आपल्या मराठवाड्यात काय चाललं होतं, हेही आठवा. निजामाच्या राजवटीविरुद्ध लढा पेटला होता. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके पुरुषी वेश करून हातबॉम्ब टाकत होत्या. खेड्यातली, न शिकलेली बाई. हातबॉम्ब टाकायला काही ती लहानपणी कुठल्या शाळेत शिकली नव्हती. गरज पडली तेव्हा शिकली. १७ सप्टेंबरला आपण झेंडा लावतो तेव्हा तिचं नाव अभिमानानं घेतो. म्हणजे लढाईची वेळ आली की बाईचं वय चालतं, ताकद चालते, पुरुषी कपडेही चालतात. लढाई संपली की तिला परत चुलीपाशी बसवतात.

पाळीचं कारण कोर्टात हरलं

बंदीसाठी कारणं काय दिली जात होती? एक कारण तर असं होतं की ते आपल्याला अगदी घरचं वाटेल.

इंग्लंडमध्ये जेन कूच नावाची एक बाई होती. पंचविशी उलटेपर्यंत तिचा बॉक्सिंगशी संबंध नव्हता. एक दिवस तिनं टीव्हीवर बायकांच्या बॉक्सिंगचा माहितीपट पाहिला आणि ठरवलं, की मी हे शिकणार. १९९४ साली ती पहिली लढत खेळली, आणि १९९६ साली आपल्या वजनाच्या गटात जगज्जेती झाली. ती पैशाच्या लढती खेळत असे. पण स्वतःच्या देशात तिला खेळायचा परवाना मिळेना. संघटनेनं दिलेल्या कारणांत एक कारण असं होतं, की पाळीच्या आधी बायकांचं मन स्थिर नसतं, म्हणून त्यांनी हा खेळ खेळणं बरं नाही. जेन कूचनं दावा लावला. मार्च १९९८ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला आणि परवाना मिळाला.

विचार करा, पाळीच्या दिवसांत कापूस वेचता येतो, सोयाबीनची कापणी करता येते, उसाची मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवता येते. तेव्हा कुणी म्हणत नाही की बाई, आज तुझं मन स्थिर नसेल, घरी जा. ते कारण निघतं फक्त मंदिरात जायला आणि मैदानात जायला.

त्याच काळात इतर देशांतही हीच भांडणं चालू होती. स्वीडननं १९८८ साली बायकांच्या हौशी लढतींना मान्यता दिली. अमेरिकेत डॅलस मॅलॉय नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीनं कोर्टात जाऊन १९९३ साली तिथली बंदी उठवायला लावली. पहिली जागतिक महिला स्पर्धा २००१ साली अमेरिकेत भरली. तिथं आपल्या देशातली एक मुलगी ४८ किलोच्या गटात रौप्यपदक घेऊन आली. तिचं नाव तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

मेरी कोम आणि निखत

मेरी कोमवर सिनेमा निघाला, त्यामुळं तिची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण मी तिच्याकडं तिच्या वयाच्या बाजूनं बघते. मणिपूरमधलं कांगथेई हे तिचं गाव. आईबाप दुसऱ्याच्या शेतात राबणारे, आणि तीही शेतात काम करून वाढलेली. १९९८ साली मणिपूरच्या डिंको सिंगनं आशियाई स्पर्धेत बॉक्सिंगचं सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा तिच्या मनात हा खेळ भरला. २००० साली ती इंफाळला शिकायला लागली. तेव्हा तिचं वय सतरा-अठरा. आपल्याकडं ज्या वयात मुलीला “आता बस झालं, घरात बस” म्हणतात, त्या वयात तिनं पहिल्यांदा हातमोजे चढवले. वडिलांना सांगितलंच नव्हतं. ती राज्य स्पर्धा जिंकली, पेपरात फोटो आला, तेव्हा त्यांना कळलं.

२००२, २००५ आणि २००६ साली ती जगज्जेती झाली. मधे २००५ साली लग्न झालं. २००७ साली जुळी मुलं झाली. लोकांना वाटलं, आता संपलं. २००८ साली ती चीनमध्ये जाऊन पुन्हा जगज्जेती झाली, आणि २०१० साली पुन्हा एकदा. २०१२ साली लंडनला ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं. तीनच वजनगट ठेवले होते आणि जगभरातून ३६ जणींनाच जागा होती. मेरीचा नेहमीचा हलका गट त्यात नव्हता, म्हणून ती ५१ किलोच्या गटात स्वतःपेक्षा अंगानं मोठ्या बायकांशी खेळली आणि कांस्यपदक आणलं. २०१३ साली तिसरं लेकरू झालं. २०१४ साली आशियाई स्पर्धेचं सुवर्ण. आणि २०१८ साली, पस्तिशीत, दिल्लीला सहाव्यांदा जगज्जेती.

मेरी कोम असामान्य आहे, हे खरं. तिच्यासारखी लाखात एखादीच निघते. पण बाळंतपणानं बाईचं अंग कायमचं मोडतं, हा समज तिनं सगळ्या जगासमोर मोडून काढला, आणि तो काही एकट्या तिच्यासाठी मोडला नाही.

आता थोडं आपल्या जवळ येऊ. परभणीहून रेल्वेत बसलं की पूर्णा, नांदेड, धर्माबाद करत गाडी निजामाबादला जाते. १९५६ पर्यंत परभणी आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे होते. त्या निजामाबादची निखत झरीन २०२२ साली इस्तंबूलला ५२ किलोच्या गटात जगज्जेती झाली, आणि २०२३ साली दिल्लीला ५० किलोच्या गटात पुन्हा. निखत तेराव्या वर्षी बॉक्सिंगला लागली. मैदानात बाकी सगळे मुलगे. सरावात तोंडावर मार बसला तेव्हा आईला रडू आलं, की आता हिच्याशी लग्न कोण करणार. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी कपड्यांवरून नावं ठेवली. पण वडील स्वतः खेळाडू होते आणि ते मुलीच्या पाठीशी उभे राहिले. २०१७ साली तिच्या खांद्याला मोठी दुखापत झाली आणि खेळ थांबला. ती बरी होऊन परत आली.

महाराष्ट्रातल्याही पोरी मागं नाहीत. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ साली पोलंडमध्ये, आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ साली स्पेनमध्ये, युवा गटात जगज्जेत्या झाल्या.

या तिघी लहान वयात लागल्या. घरच्यांनी लागू दिलं, शहरात मैदान होतं, शिकवणारा होता. आता आपल्या जिल्ह्याकडं बघू.

परभणीत खेळाचं वय कोण खातं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९ ते २०२१ या काळात झालं. त्यात आपल्या परभणी जिल्ह्याचा एक आकडा आहे, तो ऐकून मान खाली जाते. २० ते २४ वर्षं वयाच्या आपल्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. सगळ्या महाराष्ट्रात हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास आहे.

बॉक्सिंगच्या नियमांत १७ आणि १८ वर्षांच्या खेळाडूंचा युवा गट असतो, आणि १९ ते ४० वर्षांपर्यंतच्यांचा खुला गट. आता सोळाव्या वर्षी लग्न झालेली आपली मुलगी डोळ्यांसमोर आणा. सतराव्या वर्षी तिच्या पोटात लेकरू. अठराव्या वर्षी मांडीवर लेकरू. युवा गट तिच्यासाठी आलाच नाही. शाळेचं मैदान सुटलं ते दहावीच्या आधी. ती बावीस वर्षांची होते, मोठं लेकरू अंगणवाडीत जायला लागतं, आणि तेव्हा कुठं दिवसातला अर्धा तास तिचा स्वतःचा होतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. शहरातल्या बाईनं तिशीत बॉक्सिंग शिकलं तर लोक त्याला हौस म्हणतील. आपल्या जिल्ह्यात जवळजवळ निम्म्या बायकांसाठी मोठेपणी केलेली सुरुवात हीच पहिली सुरुवात आहे. तिच्या आधी दुसरी संधी नव्हतीच. मग तिला “वय गेलं” म्हणणं म्हणजे आधी ताट ओढून घ्यायचं आणि मग विचारायचं, जेवली का नाहीस.

खेळाचा नियमही आपल्या बाजूचा आहे. चाळीस वर्षांपर्यंत बाई खुल्या गटात खेळू शकते. चाळीशीनंतर त्या गटात खेळता येत नाही, पण सराव कुणी बंद केलेला नाही. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ कॉस्मो सिटी नावाची वस्ती आहे. तिथल्या आज्ज्या व्यायामशाळेत जमून हातमोजे घालून बॉक्सिंगचा सराव करतात. साठी-सत्तरीच्या बाया. त्या लढती खेळत नाहीत. पिशवीला आणि शिकवणाऱ्याच्या हातातल्या गादीला ठोसे मारतात, हातपाय मोकळे करतात आणि हसत घरी जातात.

सुरुवात कशी करायची

ताकद आपल्यात आहे. संत जनाबाईंच्या गंगाखेडच्या बायांना जात्याची ताकद वेगळी सांगायला नको. उखळात मुसळ घालताना जोर नुसत्या मनगटातून येत नाही. तो पायातून निघतो, कंबरेतून वर येतो आणि मग हातात उतरतो. ठोसाही तसाच. म्हणून शिकताना पहिले काही आठवडे हातापेक्षा पायच शिकायचे.

डावखुरी नसाल तर डावा पाय पुढं, उजवा मागं, दोन्हींत खांद्याएवढं अंतर. मागची टाच किंचित उचललेली. गुडघे थोडे सैल. हनुवटी खाली. दोन्ही मुठी गालाजवळ, कोपरं बरगड्यांजवळ. याला पवित्रा म्हणतात. मूठ वळताना अंगठा बोटांच्या आत कोंबायचा नाही, नाहीतर तो मोडतो. तो बोटांवर बाहेरून ठेवायचा. ठोसा लागायचा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींनी, आणि मनगट सरळ. ठोसा जितक्या वेगानं जातो तितक्याच वेगानं मूठ परत गालाशी आली पाहिजे.

साहित्य थोडंच लागतं. हातावर बांधायला सुती पट्टी, साधारण चार-साडेचार मीटर लांब आणि दोन इंच रुंद. जुन्या सुती लुगड्याची निघते. मनगट, तळवा आणि बोटांच्या गाठी तिनं आवळून बांधायच्या. उड्या मारायला दोरी. मारायला गोणी. गोणीत वाळू भरू नका. वाळू खाली बसते, दगडासारखी होते आणि मनगट दुखावतं. जुने कपडे, चिंध्या ठासून भरा आणि गोणी कडुलिंबाच्या फांदीला टांगा. हातमोजे गटात एक-दोन जोड असले तरी आळीपाळीनं वापरता येतात.

पण त्याआधी दवाखाना. आपल्यात रक्त कमी असणाऱ्या बाया पुष्कळ. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. पोटात बाळ असेल तर हा खेळ अजिबात नको. बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर किंवा अंग बाहेर येत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोरीच्या उड्याही नकोत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिकलेला प्रशिक्षक समोर असल्याशिवाय एकमेकींना मारायचं नाही. डोक्याला बसलेला मार वरून दिसत नाही, पण मेंदूला इजा करतो. म्हणून तर स्पर्धेत बायका डोक्याला टोप आणि दातांना कवच लावून खेळतात. ज्या बाईला फक्त अंग मोकळं करायचं आहे, तिनं गोणीला ठोसे मारावेत आणि दोरीच्या उड्या माराव्यात. तेवढ्यानंही दम वाढतो, खांदे सुटतात, झोप चांगली लागते.

रिंगणातला मार आणि घरातला मार

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण बॉक्सिंग म्हटलं की कुणीतरी चेष्टेनं म्हणतंच, “आता नवऱ्याचं काही खरं नाही.” घरातल्या माराला उत्तर म्हणून बॉक्सिंग शिका, असं मी म्हणत नाही. त्याच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे आणि तातडीच्या वेळी ११२ आहे. चिडलेल्या आणि अंगानं दुप्पट असलेल्या माणसासमोर मूठ उगारून उभं राहण्यापेक्षा बाहेर पडणं आणि मदत मागणं केव्हाही बरं.

पण रिंगणात एक गोष्ट शिकायला मिळते. तिथं दोघींचं वजन सारखं असतं. तीन राउंड, प्रत्येक तीन मिनिटांचा, म्हणजे वेळ ठरलेली. कमरेखाली मारायचं नाही, पाठीमागून मारायचं नाही, पडलेलीला मारायचं नाही. मधे पंच उभा असतो आणि तो थांबा म्हटला की थांबायचं. आणि जिला नको असेल ती कधीही खेळ सोडू शकते. घरातल्या मारात यातलं काय असतं? वजन सारखं नाही, वेळ ठरलेली नाही, पंच नाही, थांबा म्हणणारं कुणी नाही. ज्या बाईनं नियमातला ठोसा पाहिला, तिला नियमाबाहेरचा मार लगेच ओळखू येतो. “नवराच आहे, मारला तर काय झालं” हे वाक्य मग तिच्या तोंडून निघत नाही. माझ्या मते या खेळाचा आपल्याला होणारा मोठा फायदा हाच आहे.

आता काय करायचं

आपल्या जिल्ह्यात नऊ तालुके आहेत: परभणी, पूर्णा, पालम, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर. प्रत्येक तालुक्यात आपले गट आहेत. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की पंधरा मिनिटं हा विषय घ्या. किती जणींना शिकायचंय ते मोजा. पाच निघाल्या तरी पुरे.

दुसरं काम कागदावरचं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते. तिथं ठराव मांडा, की शाळेचं मैदान आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी एक तास बायकांसाठी मोकळं ठेवावं. तो ठराव जोडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना अर्ज द्या, की आमच्या गावात बॉक्सिंगचा प्रशिक्षक महिन्यातून काही दिवस तरी पाठवा. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही तर दुसरा द्या. बँकेकडं पहिल्या कर्जासाठी आपण किती चकरा मारल्या, ते विसरू नका.

तिसरं काम घरातलं. तुम्ही पवित्रा घेऊन उभ्या राहाल तेव्हा तुमची दहा-बारा वर्षांची लेक बघत असेल. तिला जवळ उभी करा. तुम्हाला बाविसाव्या, तिसाव्या, पस्तिसाव्या वर्षी जे मिळालं ते तिला बाराव्या वर्षी मिळू द्या. आणि तिला बघायला पाहुणे येतील, तेव्हा अठरा पूर्ण झाल्याशिवाय विषयसुद्धा काढायचा नाही, असं त्यांना तोंडावर सांगा. त्या सांगण्यालाही ताकद लागते, आणि तीही सरावानंच येते.

तर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी भाकरी थापायला बसण्याआधी एकदा मूठ वळून बघा. अंगठा बाहेर, मनगट सरळ. एवढं जमलं की पहिला धडा झाला.